सुरतेतले दादोबा : घर, शाळा आणि सभा



यंदाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी वक्ता नाही. सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले, एवढीच माझी ओळख. वर्गात चाळीस मुलांसमोर बोलायची सवय आहे, पण ती मुले मध्येच प्रश्न विचारतात. आपण विचारणार नाही, म्हणून जरा धाकधूक आहे. हे भाषण आता छापून निघते आहे. त्या दिवशी जे समोर नव्हते, त्या वाचकांशीही मी समोर बसल्यासारखेच बोलते आहे असे समजावे.

मंडळाने विषय दिला होता तो असा : आयुष्यभर शिकवणारा माणूस, त्याचे कुटुंब आणि त्याचा समाज. मी माझ्या आठवणी सांगाव्यात अशी काहींची अपेक्षा होती. पण स्वतःबद्दल तासभर बोलण्याइतके माझ्याजवळ काही नाही. म्हणून मी एका दुसऱ्या शिक्षकाबद्दल बोलणार आहे. त्यांनी याच गावात, तापीच्या याच काठावर, एकशे ऐंशी वर्षांपूर्वी शिकवले. ते मराठी होते. आपण शाळेत जे व्याकरण शिकलो, त्याची घडी त्यांनी बसवली. तरी ते सुरतेत होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. मलाही नोकरीची निम्मी वर्षे सरेपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

मराठी माणसाने सुरतेचे नाव काढले की पहिला शब्द येतो तो लूट. १६६४ आणि १६७०. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या तासाला मुले हे धडे मोठ्या आवाजात वाचत. मग एखादा हुशार मुलगा विचारी, ‘बाई, आपण तर सुरतेतच राहतो. मग आपण कोणाच्या बाजूचे?’ या प्रश्नाला नेमके उत्तर मला कधी देता आले नाही. पण १६६४ नंतर एकशे ऐंशी वर्षांनी, १८४४ साली, एक मराठी मास्तर सुरतेतल्या गुजराती माणसांबरोबर बसून एक सभा स्थापन करतो, ही गोष्टही त्या मुलांना सांगायला हवी होती, असे आता वाटते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईत खेतवाडीतला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, जातीने वैश्य. वडील पांडुरंग, आई यशोदा. ही दोन नावे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. दादोबांच्या पाठचे दोन भाऊ इतिहासाला ठाऊक आहेत : भास्कर आणि आत्माराम. दादोबा थोरले. थोरल्या भावाने शिकायचे, कमवायचे आणि पाठच्यांना हात द्यायचा, ही आपल्याकडची रीत. या घरात ती कशी फळली ते पुढे पाहूच.

मुंबईत तेव्हा नव्या पद्धतीच्या शाळा नुकत्याच निघाल्या होत्या. इंग्रजी, गणित, भूगोल शिकवायचा तर मराठीत पुस्तके नव्हती. ज्यांनी शिकायचे त्यांनीच लगेच पुस्तकेही लिहायची, असा तो काळ. दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापून आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बावीस वर्षांचा मुलगा आज आपल्याकडे परीक्षांचे अर्ज भरत असतो. लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता, संस्कृत व्याकरणाच्या संज्ञा हाताशी होत्या, आणि या दोहोंतून बोलत्या मराठीला बसेल असा अंगरखा त्यांना शिवायचा होता. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. मला मात्र या पुस्तकातला विद्वानापेक्षा शिक्षक जास्त दिसतो. पुढच्या आवृत्त्यांतून ते हे व्याकरण सुधारत राहिले, आणि मुलांसाठी वेगळे ‘लघुव्याकरण’ही त्यांनी केले. एकदा लिहून मोकळे होणे हा ग्रंथकाराचा स्वभाव. वर्गात कुठे अडले ते पाहून पुन्हा लिहिणे हा मास्तरचा.

माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबाचे शिक्षक म्हणून काही काळ काम करून ते मुंबईला परतले, १८४० साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक शिक्षक झाले, आणि तिथून सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत आले.

त्या वेळची सुरत डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून इथे यायला आगगाडी नव्हती. ती १८६४ साली सुरू झाली. समुद्राने गलबतातून यायचे, नाहीतर खुश्कीच्या वाटेने. एके काळी मक्केच्या यात्रेकरूंची आणि जगभरच्या व्यापाऱ्यांची ही पेठ. तिचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. त्यातच १८३७ सालच्या एप्रिलमध्ये मोठी आग लागून हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. दादोबा आले तेव्हा या गोष्टीला फार वर्षे झाली नव्हती. जळक्या वाड्यांच्या, उठलेल्या पेढ्यांच्या गावात हा मुंबईचा तरुण मास्तर इंग्रजी शिकवायला आला होता.

इथे त्यांना दुर्गाराम मेहताजी भेटले. गुजरातीत शिक्षकाला मेहताजी म्हणतात. दुर्गाराम मंछाराम हे सुरतेचेच, १८०९ साली जन्मलेले, नागर ब्राह्मण. मुंबईत शिक्षकाचे शिक्षण घेऊन ते सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेत शिकवीत होते. १८४२ साली त्यांनी पुस्तक प्रसारक मंडळी काढली आणि शिळाछापाचा छापखाना आणला. शाळेतल्या मुलांबरोबर गावालाही शिकवले पाहिजे, ही त्यांची धारणा. भूतखेत, चेटूक, मंत्रतंत्र या गोष्टींवर ते चारचौघांत बोलत आणि मांत्रिकांना जाहीर आव्हान देत. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्नही ते उघड मांडीत.

एक मराठी मास्तर आणि एक गुजराती मेहताजी. एक वैश्य, एक नागर ब्राह्मण. एक परगावचा, एक सात पिढ्यांचा गावकरी. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी आणखी काही मित्रांसह मानवधर्म सभा स्थापन केली. दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम आणि दामोदरदास हे बाकीचे तिघे. पाचांची नावे ‘द’ने सुरू होतात, म्हणून सुरतेत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. गावाने थट्टेने का होईना नाव ठेवले, म्हणजे गावाने दखल घेतली.

सभा रविवारी भरे. चर्चा चाले ती गुजरातीत. ईश्वर एक आहे का, जातीभेद कोणी केला, मूर्तीत देव असतो का, मंत्राने खरोखर काही घडते का, असे विषय निघत. आज हे प्रश्न आपल्याला जुने वाटतील. पण ज्या गावात जातीचे महाजन तुमचे जेवण, तुमच्या मुलीचे लग्न आणि तुमची अंत्ययात्रासुद्धा ठरवीत, तिथे हे प्रश्न तोंडाने उच्चारणे म्हणजे काय, याचा विचार करा. सभेला दोन महिने होतात तोच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला आणि सुरतेत दंगा उसळला. सरकारला तो कर कमी करावा लागला. म्हणजे गाव निमूट बसणारे नव्हते. पोटाला चिमटा बसला तर ते रस्त्यावर येई. पण जातीविरुद्ध बोलायला रस्त्यावर कोणी येत नव्हते. त्यासाठी हे पाच जण होते.

सभेच्या कामाची नोंद दुर्गाराम ठेवीत. पुढे महीपतराम रूपराम नीळकंठ यांनी १८७९ साली ‘दुर्गारामचरित्र’ लिहिले, त्यात या नोंदींचा आधार आहे. महीपतरामही सुरतेचेच. १८६० साली ते इंग्लंडला गेले आणि समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले. सभेत ज्या प्रश्नांची चर्चा झाली, त्यांची किंमत पुढच्या पिढीतल्या माणसाला अशी मोजावी लागली.

सुरतेत असतानाच, १८४३ साली, दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हे पुस्तक लिहिले. त्यातली मुख्य तत्त्वे माझ्या शब्दांत सांगते. भजावे ते एका ईश्वराला. खरा धर्म प्रेमात आणि सदाचारात असतो. सर्वांचा आत्मिक धर्म एकच आहे. प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे. रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून असावे. सगळ्या माणसांची जात एक आहे. आणि सातवे तत्त्व : सर्वांना ज्ञान द्यावे. सहा तत्त्वे एखादा तत्त्वचिंतकही लिहील. सातवे लिहायला शिक्षक लागतो.

आता मला आजच्या भाषणात जे मुख्यतः सांगायचे आहे, त्याकडे येते.

‘धर्मविवेचन’ लिहिले १८४३ साली. छापले १८६८ साली. मध्ये पंचवीस वर्षे. आणि छापले तेही स्वतःचे नाव न घालता, टोपणनावाने. व्याकरण बाविसाव्या वर्षी नावानिशी छापणारा माणूस हे पुस्तक पंचवीस वर्षे पेटीत ठेवतो. का?

१८४६ साली दादोबा मुंबईला परतले. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकर वारले होते. शिक्षक तयार करणाऱ्या मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे काम दादोबांकडे आले. सुरतेची सभा दुर्गारामांनी पुढे चालवली. १८५२ साली त्यांची बदली राजकोटला झाली आणि सभा थांबली. इकडे मुंबईत १८४९ साली परमहंस मंडळी निघाली. दादोबा तिचे प्रेरक. विचार तेच, सुरतेचे. पण एक मोठा फरक होता. सुरतेची सभा उघड होती आणि मुंबईची मंडळी गुप्त. बंद दाराआड ते जमत. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, की जात सुटली. मग तोंड पुसून घरी जायचे आणि आईच्या स्वयंपाकघरात सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायचे. १८६० साली मंडळीच्या सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि नावे बाहेर येण्याच्या भीतीने मंडळी मोडली.

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगावर बहुतेक एकच शेरा असतो : धैर्य कमी पडले. मीही वर्गात तसेच सांगत असे. आता सांगणार नाही. निदान एवढ्या सोप्या शब्दांत तरी नाही.

हे का, ते सांगायला माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवायची. दृष्ट लागणे, लिंबू-मिरची, मांजर आडवे जाणे यावर मी तासभर बोलत असे, मुलांना हसवत असे. त्याच वर्षी माझा धाकटा मुलगा तापाने फणफणला. डॉक्टरांचे औषध सुरू होतेच. संध्याकाळी सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढली. मी दारात उभी होते. काही बोलले नाही. त्या माउलीने रात्रभर त्याच्या उशाशी बसून घड्या बदलल्या होत्या. तिच्या हातातली मोहरी काढून घ्यायचे बळ माझ्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तेव्हा फळ्याकडे तोंड करून मी जरा जास्तच वेळ लिहीत राहिले. याला कोणी भित्रेपणा म्हणावे, माझी ना नाही. पण त्यात नुसता भित्रेपणा नव्हता.

सुरतेत दादोबा परगावचे होते. इथल्या कुठल्या जातीचे महाजन त्यांना वाळीत टाकणार? इथे त्यांना फार तर नाव ठेवता येई, ते लोकांनी ठेवलेही. मुंबईत मात्र सगळा गोतावळा होता. आप्त होते, जात होती, भावांचे संसार मांडायचे होते. विचार तोच, माणूस तोच. पण परगावी तो उघड बोलला आणि घरी दबक्या आवाजात. सुरतेत खरी जोखीम होती ती दुर्गारामांची, कारण ते स्वतःच्या घरी बोलत होते. दादोबांच्या गौरवात ही गोष्ट झाकून जाऊ नये. आपण परगावी सुधारक आणि घरी गप्प असतो. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना तर हे चांगलेच ठाऊक आहे. सुरतेच्या चाळीत जात न पाहता शेजाऱ्याच्या ताटात जेवणारा माणूस उन्हाळ्यात खानदेशात आपल्या गावी गेला की पंगतीत कुठे बसतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

याची किंमतही मोजली गेली. यादी चोरीला गेल्यावर मंडळीतले तरुण एकमेकांपासून दुरावले. पंचवीस वर्षे न छापलेल्या पुस्तकाने त्या पंचवीस वर्षांत कोणालाच काही शिकवले नाही. सातवे तत्त्व सांगते की ज्ञान सर्वांना द्यावे. ते तत्त्वच पेटीत बंद होते. हा हिशेब दादोबांना माफ करता येत नाही, आणि मला वाटते त्यांनी स्वतःही तो माफ केला नसावा. १८६१ साली ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर सात वर्षांनी पुस्तक बाहेर आले. शेवटी का होईना, ते आणल्यावाचून राहिले नाहीत.

पण दुसरी बाजूही पाहा. घर सोडून बाहेर पडले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. घरात राहून काय झाले, ते सांगता येते.

मधला भाऊ भास्कर. त्यांनी १८४१ साली ‘बाँबे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने पत्रे लिहिली. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर चालली आहे, हे त्यांत लिहिले. दादाभाई नौरोजींनी हा विषय हाती घेण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १८४७ साली भास्कर ऐन तारुण्यात गेले.

धाकटा आत्माराम. हे डॉक्टर झाले. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने, आणि तो उघड होता. यादी चोरीला जाण्याची भीती त्याला नव्हती, कारण यादी लपवलेलीच नव्हती. पुढे महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तो समाज वाढवला. थोरल्या भावाने सुरतेत उघड आणि मुंबईत बंद खोलीत जे बोलले, ते धाकट्याने मुंबईत उघड्या सभागृहात मांडले. १८८३ साली बाँबे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांतही आत्माराम होते.

आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा इंग्लंडला जाऊन आलेली, शिकलेली. १८७८ साली सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा विलायतेला जाण्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांच्या घरी राहायला आला. अन्नपूर्णा त्याला शिकवीत. त्या मुलाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. ज्या काळात मुलींना अक्षर शिकवायला घरोघर विरोध होता, त्या काळात या घरातली मुलगी शिक्षिका होऊन परप्रांतीय तरुणाला शिकवते. असे घर एका दिवसात होत नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे घरात पुस्तके आणावी लागतात, ओट्यावर बसून वाद घालावा लागतो, मुलींनी ऐकलेले चालवून घ्यावे लागते.

आणि आता ती दोन नावे, जी मी लक्षात ठेवा म्हटले होते. १८६५ साली दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली. तिचे नाव ‘यशोदापांडुरंगी’. आईचे आणि वडिलांचे नाव एकत्र. एकेश्वरवादी माणूस, मूर्तिपूजा न मानणारा, जात न मानणारा. तो मोरोपंतांच्या भक्तिकाव्यावर लिहितो आणि त्या ग्रंथाला आईवडिलांचे नाव देतो. ज्या घरासाठी एक पुस्तक अडवून धरले, त्याच घराच्या नावाने दुसरे पुस्तक केले. मला यात विसंगती दिसत नाही. घराशी भांडण होते आणि घरावर मायाही होती. दोन्ही खरी होती.

दादोबा १८५२ साली शिक्षणखाते सोडून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले आणि पुढे रावबहादूर. पण त्यांनी लिहायचे थांबवले नाही. विधवाविवाहाच्या बाजूने ‘विधवाश्रुमार्जन’ लिहिले. अखेरीस आत्मचरित्रही लिहायला घेतले, ते अपूर्ण राहिले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते गेले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. दुर्गाराम त्यांच्या आधी सहा वर्षे, १८७६ साली गेले होते.

मानवधर्म सभा फार तर आठ वर्षे चालली. तिने जात मोडली नाही, कोणाचा विधवाविवाह लावला नाही. मग तिचा उपयोग काय झाला? दुर्गारामांच्या शाळेत एक मुलगा शिकला, नर्मदाशंकर. पुढे तो कवी नर्मद झाला, गुजरातीत आत्मचरित्र लिहिणारा, ‘दांडियो’ पाक्षिकातून गावाला फटकारणारा, आणि विधवेशी लग्न करणारा. मास्तरांना जे घरी जमले नाही, ते त्यांच्या विद्यार्थ्याने भर सुरतेत, स्वतःच्या घरी करून दाखवले. मास्तरांचा हिशेब त्यांच्या हयातीत मांडला तर बेरीज नेहमी कमी येते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि मी थांबते.

सुरतेत आज लाखो मराठी माणसे आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे यंत्रमागावर, साड्यांच्या कामावर, मार्केटमध्ये राबतात. महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून चालतात. दादोबांच्या सातव्या तत्त्वाचे याहून चांगले रूप मला ठाऊक नाही. माझ्या वर्गातले एक मूल पहिल्या दिवशी म्हणाले होते, ‘मना बाप कामले जास.’ त्याची मायबोली अहिराणी. मी त्याला ‘माझे वडील कामाला जातात’ असे शिकवले. तेही शिकवायला हवेच. त्यावाचून पुस्तक वाचता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. दादोबांनी पोरांच्या हाती नियम दिले ते यासाठीच. पण ‘मना बाप’ चुकीचे आहे असे मी त्या दिवशी म्हणाले, ते म्हणायला नको होते. त्यालाही व्याकरण आहे. ते आपण लिहिलेले नाही, एवढेच. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली असती तर ते मूल घर आणि शाळा यांच्यात कमी अवघडले असते.

आज मराठी शाळांत पट कमी होतो आहे. पालक गुजराती किंवा इंग्रजी माध्यम निवडतात, आणि त्यांची कारणे खोटी नाहीत. मुलाला याच गावात नोकरी करायची आहे. मी कोणाला दोष देत नाही. फक्त एक सुचवते, आणि ते मंडळाने मनावर घ्यावे. वर्षातून दोन रविवार राखून ठेवा. एका रविवारी दादोबांच्या आत्मचरित्रातली पाने मराठीत वाचू. दुसऱ्या रविवारी महीपतरामांच्या दुर्गारामचरित्रातली सभेची हकीकत गुजरातीत वाचू. आपल्या गुजराती शेजाऱ्यांना बोलवू. आपल्या मुलांना तर आणूच, कारण त्यांना दोन्ही भाषा आपल्यापेक्षा चांगल्या येतात. अडले तर तीच समजावून सांगतील. आणि प्रत्येक वेळी चर्चेला एक प्रश्न ठेवू, जो आपण परगावी मोकळेपणाने बोलतो पण घरी बोलत नाही.

सभा रविवारीच भरत असे. जागा मंडळाची आहे, सतरंज्या आहेत, चहाची जबाबदारी माझी. तारीख अध्यक्षांनी ठरवावी.